वाचक विचारतात : मॉरिशसमध्ये खावे काय, घ्यावे काय, पाहावे काय

गेल्या दोन महिन्यांत मॉरिशसविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे एकत्र घेतली आहेत. बहुतेकांची तिकिटे आणि हॉटेले ठरलेली आहेत, त्यामुळे त्यांविषयी फारसे न सांगता विचारलेल्या गोष्टींवरच लिहितो.

प्रश्न : मे महिन्यात मी, माझे पती आणि 72 वर्षांच्या सासूबाई मॉरिशसला सात दिवसांसाठी जात आहोत. आम्ही तिघेही पूर्ण शाकाहारी असून अंडेही खात नाही. प्रवासी कंपनीने सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण हॉटेलात दिले आहे, पण दुपारी बाहेर काय मिळेल? सासूबाईंसाठी सात दिवसांचे ठेपले आणि लाडू न्यावेत का? (सांगली)

उत्तर : ठेपले विमानापुरते न्या, सात दिवसांचे नकोत. मॉरिशसच्या रस्त्यावर शाकाहारी माणसाची जितकी सोय होते तितकी पुष्कळदा किनाऱ्यावरच्या मोठ्या हॉटेलातही होत नाही. याचे कारण सरळ आहे. या देशाच्या लोकसंख्येत दोनतृतीयांशांच्या आसपास लोक भारतीय वंशाचे आहेत आणि मंगळवारी-शुक्रवारी किंवा सणावारी सामिष न खाणारी घरे तेथे विपुल आहेत. हॉटेलातील ‘भारतीय रात्र’ म्हणजे बहुतेक वेळा पनीर आणि साखर घातलेली दाल माखनी असते, आणि तिचा त्या बेटाशी काही संबंध नसतो.

दुपारच्या जेवणासाठी ‘ढोल पुरी’ हे एकच नाव लक्षात ठेवले तरी चालेल. नावात पुरी असली तरी ती तळलेली नसते. पिवळी डाळ शिजवून, वाटून, जिरे-हळद घालून मैद्याच्या पारीत भरतात आणि लाटून तव्यावर भाजतात. थोडक्यात, गूळ न घातलेली पातळ पुरणपोळी म्हणावी इतकी ती आपल्या ओळखीची आहे. बिहारमधून गेलेल्या मजुरांची ही दालपुरी आज त्या देशाचे राष्ट्रीय खाणे मानली जाते आणि गोरे, चिनी, क्रिओल (आफ्रिकी किंवा मिश्र वंशाचे लोक) असे सगळेच ती खातात. ती नेहमी जोडीने विकली जाते. दोन पुऱ्या एकावर एक ठेवून त्यांवर पांढऱ्या मोठ्या वालासारख्या दाण्यांची आमटी (‘कारी ग्रो प्वा’), टोमॅटोचा रस्सा (‘रुगाय’), कोथिंबिरीची किंवा मिरचीची चटणी आणि मोहरी लावलेले भाज्यांचे लोणचे (‘आशार’) घालून कागदात गुंडाळून देतात. रोझ हिल गावातील देवा यांचे दुकान यासाठी प्रसिद्ध आहे, परंतु खरे सांगायचे तर ज्या गाडीसमोर कार्यालयात जाणारे लोक रांगेत उभे असतील ती कोणतीही गाडी चालेल. पुरी इतकी मऊ असते की सासूबाईंना दातांची अडचण येणार नाही. मात्र मिरचीची चटणी वेगळी मागून घ्या. तेथील क्रिओल या फ्रेंचवर आधारलेल्या बोलीत ‘पा मेत पीमां’, म्हणजे ‘मिरची घालू नका’, एवढे तीन शब्द पाठ केलेत तर पुष्कळ त्रास वाचेल. दुसरी गोष्ट वेळेची. हे सकाळचे आणि दुपारचे खाणे आहे. मी एकदा नावाजलेल्या दुकानापाशी तीन वाजता पोहोचलो, तेव्हा मालक तवा धूत होते, आणि त्या दिवशीचे माझे जेवण बिस्किटांवर झाले.

न्याहारीसाठी ‘गातो पीमां’ मिळतात. हा आपला डाळवडाच आहे, फक्त आकाराने लिंबाएवढा असतो आणि त्यात पातीचा कांदा असतो. तेथील लोक तो लोणी लावलेल्या पावात घालून खातात, म्हणजे वडापावाचा हा दूरचा चुलतभाऊच झाला. त्याच गाड्यांवर वांग्याची भजी, समोसे आणि ‘गातो पातात’ असतात. शेवटच्या पदार्थात रताळ्याच्या पारीत ओले खोबरे आणि साखर भरून करंजीसारखे तळलेले असते. सासूबाई उपवास करीत असतील तर त्यात पिठाचे मिश्रण असते हे मात्र त्यांना आधी सांगा.

बसून जेवायचे असेल तर एखाद्या साध्या खानावळीत भात, डाळ, ‘ब्रेद’ आणि चटणी असे ताट मागावे. ब्रेद म्हणजे पालेभाजी. त्यातही ‘ब्रेद मुरुम’ हा शेवग्याचा पाला आणि ‘ब्रेद सोंज’ म्हणजे अळू. लसूण घालून परतलेली किंवा पातळ सार करून वाढलेली ही पालेभाजी त्या देशातील प्रत्येक घरात असते, पण पर्यटकांच्या भोजनयादीत ती क्वचितच दिसते, म्हणून ती विचारून मागावी लागते. कढीपत्त्याला तेथे ‘कारिपुले’ म्हणतात आणि रश्श्यात कढीपत्त्याच्या जोडीला थाइम ही फ्रेंच स्वयंपाकातली सुवासिक वनस्पती पडते. त्यामुळे पहिल्या घासाला चव घरची वाटते आणि दुसऱ्या घासाला वाटत नाही.

आता सावधगिरीच्या चार गोष्टी. चिनी पद्धतीच्या परतलेल्या शेवयांना (‘मीन फ्री’) शाकाहारी म्हटले तरी त्यांत अंडे किंवा माशाचा सॉस असू शकतो. ‘बुलेत’ नावाच्या उकडलेल्या गोळ्यांत भाजी दिसली तरी कोळंबी असण्याची शक्यता मोठी. रुगायमध्ये कधी खारवलेला मासा घालतात. म्हणून नुसते ‘व्हेजिटेरियन’ न म्हणता ‘सां लाव्यान, सां प्वासों, सां दिझेफ’, म्हणजे मांस, मासा आणि अंडे नको, असे स्पष्ट म्हणावे. गाडीवाला हसेल, बहुधा भोजपुरीत काही विचारेल, आणि मग काळजीपूर्वक वाढेल.

गोडाचे सांगायचे राहिले. राजधानी पोर्ट लुईच्या मध्यवर्ती बाजारात ‘आलूदा’ मिळते. नावावरून ओळखलेच असेल, हा फालुद्याचाच अवतार आहे. त्यात थंड दूध, सब्जा आणि आगर-आगरच्या बारीक कापट्या असतात. बाजारातील पिल्ले यांच्या ठेल्यावर उभे राहून तो प्यावा आणि मग बाहेर येऊन चिंच, मीठ व मिरची लावलेले अननसाचे फाक घ्यावेत. हा क्रम उलटा केल्यास दूध बेचव लागते.

प्रश्न : नातेवाइकांसाठी काय आणावे? मागच्या वेळी परदेशातून आणलेल्या चाव्यांच्या साखळ्या अजून कपाटात पडून आहेत. खर्च फार करायचा नाही. (ठाणे)

उत्तर : साखर आणा. हे विनोदाने म्हणत नाही. मॉरिशसची सगळी आधुनिक वसाहत उसावर उभी राहिली आणि तेथे अजूनही मळी पूर्ण न काढता केलेल्या साखरेचे अनेक प्रकार तयार होतात. गडद, ओलसर आणि काकवीच्या वासाची ‘मस्कोव्हाडो’ साखर आपल्या गुळाच्या इतकी जवळची आहे की कोल्हापूरकडच्या माणसाला ती चाखून पाहण्यातच मौज वाटेल. पाम्प्लेमूसजवळच्या बो प्लां येथील साखर कारखाना 1999 मध्ये बंद झाला आणि त्याच इमारतीत आता साखरेचे संग्रहालय आहे. तेथील प्रदर्शन पाहून झाल्यावर निरनिराळ्या साखरा चाखायला देतात आणि शेजारच्या दुकानात त्या विकतही मिळतात. संग्रहालयासाठी दोन तास तरी हाताशी ठेवा, कारण गुलामी, मजुरांची आयात आणि साखरेचे भाव यांचा इतिहास तेथे बराच सविस्तर मांडला आहे आणि तो घाईत पाहण्यासारखा नाही.

साखरेनंतर चहा. दक्षिणेकडील ब्वा शेरी मळ्याचा व्हॅनिला घातलेला चहा देशभर कोणत्याही किराणा दुकानात मिळतो आणि तो विमानतळापेक्षा त्या दुकानातच घ्यावा. आपल्यासारखे आले घालून उकळले तर व्हॅनिलाचा वास मारला जातो, तेव्हा ज्यांना द्याल त्यांना हेही सांगा. व्हॅनिलाच्या शेंगा मात्र पारखून घ्याव्यात. शेंग बोटाभोवती गुंडाळली तरी मोडू नये आणि हाताला किंचित तेलकट लागावी. कडक, कोरडी शेंग स्वस्त मिळाली तरी ती घेऊन उपयोग नाही.

माहेबुर्ग या जुन्या गावात 1870 पासून एकच कुटुंब कसाव्याच्या पिठाची, म्हणजे ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्याची, बिस्किटे करीत आले आहे. तव्यावर, उसाच्या पाचटाच्या जाळावर ती भाजतात आणि भेट देणाऱ्यांना कारखाना दाखवून शेवटी चहाबरोबर चाखायला देतात. माहेबुर्गला सोमवारी गेलात तर आठवडे बाजारही पाहायला मिळतो.

कपड्यांसाठी क्वात्र बोर्नचा गुरुवारचा आणि रविवारचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे घासाघीस चालते. पण लेबल पाहून घ्या, कारण मॉरिशसमध्ये तयार झालेल्या चांगल्या सुती आणि विणलेल्या कपड्यांबरोबरच भारतातून आणि चीनमधून आलेला मालही त्याच दोरीवर टांगलेला असतो, आणि ठाण्याच्या बाजारात मिळणारा कुर्ता समुद्रापलीकडून आणण्यात अर्थ नाही. टोपल्या आणि गवताच्या पिशव्या सुंदर असतात, परंतु त्यांतील पुष्कळ मादागास्करहून येतात. त्या घेऊ नयेत असे नाही, फक्त ‘येथील हस्तकला’ म्हणून जादा पैसे देऊ नयेत. खरोखर तेथील म्हणावी अशी कारागिरी जहाजांच्या प्रतिकृतींची आहे. क्युरपिप आणि फ्लोरेआल भागातील कार्यशाळांत जुन्या शिडाच्या जहाजांच्या आराखड्यांवरून दोरखंडांसह त्या लाकडात घडवतात. त्यांची किंमत मोठी असते, पण काम पाहायला कोणी पैसे घेत नाही.

दोन सूचना. समुद्रातील शंख आणि पोवळी उचलणे तेथे कायद्याने मना आहे, त्यामुळे किनाऱ्यावर कोणी विकायला आणली तरी घेऊ नका. दुसरे म्हणजे, मॉरिशसचा रुपया आपल्या रुपयापेक्षा बराच महाग आहे. नोटेवर देवनागरी आणि तमिळ अक्षरे दिसतात, ‘रुपया’ हा शब्द ऐकू येतो, आणि मन नकळत आपल्या भावाने हिशेब करू लागते. किंमत जवळपास दुप्पट धरून मगच स्वस्त की महाग ते ठरवावे.

प्रश्न : मला पोहता येत नाही आणि बोटीत त्रास होतो. सगळे म्हणतात की मॉरिशस म्हणजे समुद्र. मग मी तेथे पाहायचे तरी काय? जूनमध्ये मुलाबरोबर जात आहे. (नागपूर)

उत्तर : समुद्राकडे पाठ केली तरच तो देश दिसतो असे माझे मत आहे, तेव्हा आपली अडचण ही सोयच समजा.

आधी ऋतूविषयी. आपला उन्हाळा तो तेथील हिवाळा. जूनमध्ये किनाऱ्यावर हवा सुखद असते, पण क्युरपिपच्या पठारावर आणि डोंगरात वारा व भुरभुर पाऊस असतो, म्हणून स्वेटर आणि छत्री दोन्ही हवीत. दिवस लहान असतो आणि सहाच्या आत अंधार पडतो. या दिवसांत आग्नेयेकडून वारे वाहतात, त्यामुळे पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम किनारा शांत असतो. अजून मुक्कामाचे ठिकाण बदलता येत असेल तर पश्चिमेला राहा.

पहिला पूर्ण दिवस पोर्ट लुईला द्या, आणि तो आठवड्याच्या कामाच्या दिवशी द्या, कारण रविवारी शहर ओस पडते. सकाळी सर्वप्रथम आप्रवासी घाटावर जावे. गुलामगिरी 1835 मध्ये संपणार होती आणि मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर माणसे आणण्याचा प्रयोग येथे केला. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अॅटलस’ जहाजातून 36 मजूर उतरले आणि त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांच्या आसपास लोक कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून आले. घाटावर आज जे उरले आहे ते थोडेच आहे. काळ्या दगडाच्या भिंती, मजुरांना ठेवण्याची जागा, आणि ज्या चढून ते जमिनीवर आले त्या सोळा पायऱ्या. 2006 मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून नोंदवले. शेजारच्या माहितीकेंद्रात आधी जाऊन मग पायऱ्यांकडे यावे. उलट केल्यास त्या नुसत्या पायऱ्या दिसतात.

तेथून चालत मध्यवर्ती बाजार, चिनी वस्ती आणि जुम्मा मशीद एका दुपारीत होतात. बंदराजवळच्या ब्लू पेनी संग्रहालयात 1847 ची दोन टपाल तिकिटे आहेत. एक नारिंगी, एक निळे. फिलाटेलीच्या, म्हणजे तिकीटसंग्रहाच्या, जगात त्यांचे स्थान काय आहे हे मुलाला विचारा; त्याला माहीत नसेल तर त्याला घेऊन जाण्याचे ते चांगले निमित्त आहे. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, एरवी त्यांच्या प्रती दिसतात. दारातच वेळ विचारून घ्या. रोझ हिल, क्वात्र बोर्न, क्युरपिप ही गावे पोर्ट लुईशी मेट्रोने जोडलेली आहेत, त्यामुळे या भागात टॅक्सीची गरज नाही. टॅक्सी करावीच लागली तर बसण्यापूर्वी भाडे ठरवावे.

दुसरा दिवस नैर्ऋत्येकडील डोंगरांचा. गंगा तलाव हे ज्वालामुखीच्या मुखात साठलेले सरोवर असून काठावर 33 मीटर उंचीची शंकराची मूर्ती आहे. महाशिवरात्रीला देशभरातून लाखो लोक चालत येथे येतात. जूनमध्ये मात्र धुके, शांतता आणि माकडे असतात, आणि मला ते अधिक आवडले. तेथून ब्लॅक रिव्हर राष्ट्रीय उद्यानातील दरी जेथून दिसते ती जागा पाहून शामारेलला उतरावे. सात रंगांची माती म्हणून जी जाहिरात असते ती खरी आहे, पण क्षेत्र लहान आहे. बेसॉल्ट हा ज्वालामुखीचा खडक झिजून उरलेल्या लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांमुळे ते रंग येतात आणि ते उन्हातच खुलतात, ढगाळ दिवशी निराशा होते. जवळचा धबधबा कोणत्याही हवेत चांगला दिसतो. दुपारी शामारेल गावातच एखाद्या घरगुती खानावळीत जेवावे.

परतताना ल मॉर्न डोंगर किनाऱ्यावरूनच पाहा. 556 मीटरचा हा कडा पळून आलेल्या गुलामांचा आसरा होता. त्यांना मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, पुन्हा पकडले जाण्याच्या भीतीने त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या अशी कथा तेथे सांगतात. 2008 पासून तोही जागतिक वारसा आहे. तेथे बोटीत बसायची गरज नाही.

पाम्प्लेमूसचे वनस्पती उद्यान वेळ उरला तर. थाळ्यांसारखी पाने असलेली राक्षसी कमळे सर्वजण पाहतात. मसाल्याच्या झाडांकडे कोणी फिरकत नाही. अठराव्या शतकात प्येर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने लवंग आणि जायफळ यांवरील डचांची मक्तेदारी मोडण्यासाठी रोपे आणवून येथे लावली, ही गोष्ट माहीत असली तर त्या झाडांपाशी थांबावेसे वाटते.

प्रश्न : आमच्या गावातून चार पिढ्यांपूर्वी काही लोक ‘मिरीच देशा’ला गेले असे आजोबा सांगत. तेथील मराठी माणसे भेटतील का? गणपतीत जावे का? (चिपळूण)

उत्तर : भेटतील, आणि आपण कोकणातले आहात हे कळल्यावर सहज सोडणार नाहीत. मॉरिशसमधील मराठी समाजाचे पूर्वज मुख्यतः रत्नागिरी-सावंतवाडीच्या पट्ट्यातून मुंबई बंदरामार्गे गेले. आज तो लहान पण ठसठशीत समाज आहे. पश्चिमेकडील कास्कावेल आणि पठारावरील वाकोआ या भागांत त्याची मंदिरे आणि संस्था आहेत. शाळांत मराठी हा विषय घेता येतो, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तो उच्च पातळीवर शिकवला जातो, आणि सरकारी नभोवाणी-दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात. कोकणातील जाखडीला तेथे ‘झाकरी’ म्हणतात आणि ती अजून नाचली जाते.

एक विनंती मात्र करतो. त्यांच्या घरची बोली क्रिओल आहे. कित्येकांना मराठी भजने तोंडपाठ असतात, पण साधे संभाषण जमत नाही. भेटल्याबरोबर ‘मराठी येते का?’ अशी परीक्षा घेऊ नये. आडनावांवरूनही अंदाज बांधू नका, कारण जहाजावरून उतरलेल्या माणसाचे स्वतःचे नावच इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले आणि पुढे तेच घराण्याचे आडनाव झाले. आपल्या आजोबांच्या गोष्टीचा माग काढायचा असेल तर महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे जतन केलेली आहेत. आधी लिहून, गेलेल्या माणसाचे नाव, वडिलांचे नाव, गाव आणि अंदाजे साल कळवून, परवानगी घेऊनच जावे.

गणपतीत अवश्य जा. हा तेथे सार्वजनिक सुट्टीचा दिवस आहे, मात्र तारखेत एक खोच आहे. अलीकडच्या वर्षांत ही सुट्टी आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आलेली आहे, म्हणजे दीड दिवसाच्या गणपतीच्या विसर्जनाच्या दिवशी. आपण चतुर्थीला सकाळी पोहोचलात तर त्या दिवशी घरोघरची पूजा आणि मोदक, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्याकडे निघालेल्या मिरवणुका, असे दोन्ही मिळेल. सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यालगतचे रस्ते तुंबतात, म्हणून विसर्जनाच्या जागेपाशी दुपारच्या आधी पोहोचा आणि परतीचे विमान त्या संध्याकाळचे घेऊ नका.